मागच्या चाकाचे सरकते कान

सायकलचा गिअर अंगठ्यानं बदलायचा असतो, हे मला सायकल घरी आणल्यावर कळलं. दुकानात मी जोड तपासले होते, ब्रेक दाबून पाहिले होते, सीट वरखाली करून पाहिली होती. ट्रेडनं मी फिटर. लोखंडाची वस्तू घेताना फसत नाही असा मला गर्व आहे. पण उजव्या मुठीखालच्या त्या छोट्या खटक्याकडे लक्षच गेलं नाही. तो अंगठ्यानं ढकलला की चैन मागच्या मोठ्या चक्रावर चढते आणि चढ सोपा होतो. माझ्या उजव्या हाताला अंगठा नाही.

तो मी सातवीत असताना गेला. आई दुसऱ्यांच्या खळ्यावर धान चुरायच्या कामाला जायची आणि सुटीच्या दिवशी मी तिच्या हाताखाली असायची. मळणीच्या मशीनच्या तोंडात पेंड्या सारताना माझ्या फ्रॉकची बाही ओढली गेली. बाही वाचवायला गेलेला हात आईनं मागं खेचला म्हणून बाकीचा हात राहिला. गुरूला अंगठा कापून देणाऱ्या शिष्याची गोष्ट मला आजवर पुष्कळांनी मोठ्या कळवळ्यानं ऐकवली आहे. त्या सगळ्यांना मी एकच सांगते. माझा अंगठा कुणी मागितला नव्हता आणि मी कुणाला दिला नव्हता. मशीननं नेला.

दहावीनंतर आई मला घेऊन एका आयटीआयमध्ये गेली. आम्ही सावली तालुक्यातल्या एका खेड्यातले, बौद्ध मोहल्ल्यातले. आईला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, पण कोणत्या खिडकीवर कधी भांडायचं ते तिला पक्कं माहीत होतं. टेबलामागच्या साहेबांनी माझा हात पाहिला आणि म्हणाले, "बाई, फिटरले पकड लागते. हिचं नाव शिवणकामात टाकू."

आई म्हणाली, "साहेब, सुई धरायले तं अंगठा अजूनच लागते."

साहेबांनी फॉर्म पुन्हा हातात घेतला. मग आई म्हणाली, "मशीनीनं हिचा अंगठा खाल्ला. आता मशीनीच्या पोटात काय रायते ते हिले समजू द्या."

मला फिटरला प्रवेश मिळाला. बॅचमध्ये मी एकटी मुलगी. कानशीची मूठ सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं तळव्याला बांधून मी घासायला शिकले. आज मी त्याच ट्रेडची शिक्षिका आहे, दुसऱ्या संस्थेत, आणि आई माझ्याजवळ ब्रह्मपुरीला राहते.

सायकल मी चाळिशी उलटल्यावर घेतली. ब्रह्मपुरीच्या भोवती कालव्याच्या पाळी आहेत, लहान तळ्यांसारख्या बोड्या आहेत, धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या वाटा आहेत, आणि थोडं पुढं गेलं की जंगल सुरू होतं. गावात दर रविवारी सकाळी सायकलवर निघणारा एक गट होता. त्यात प्राध्यापक होते, दुकानदार होते, एक दातांचे डॉक्टर होते. गटाचे म्होरके एक कंत्राटदार होते. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. मी जाऊ लागले तेव्हा बाई मी एकटीच होते, पण त्याची मला सवय होती.

अंगठा नसल्यानं मी गिअर डाव्या हातानं बदलायची. डावा हात हँडलवरून उचलायचा, उजवीकडे न्यायचा, खटका ढकलायचा आणि परत आणायचा. सपाटीवर हे जमत होतं. एका रविवारी नाल्याच्या उतारावर, समोरचा चढ दिसला म्हणून मी आधीच हात उचलला. तेवढ्यात पुढचं चाक रेतीत घुसलं. एका हातानं हँडल आवरलं नाही. मी खांद्यावर पडले आणि गळ्याजवळचं हाड मोडलं.

कॅप्टन भेटायला आले. संत्री घेऊन आले होते. खुर्चीवर बसून ते अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, तुमची हौस समजतो मी. पण आता बस्स करा. एक स्कूटी घ्या. अॅक्सिलेटर फिरवायचा, झालं."

ते गेल्यावर आई म्हणाली, "ते बरं सांगून राह्यला भाऊ."

"तुला पण असंच वाटते?"

"मले काय वाटते ते सोड. तुले कुठी जायचं हाये सायकलीवर?"

मला कुठंच जायचं नव्हतं. पहाटेच्या गारव्यात, बांधावरच्या दवात, स्वतःच्या पायांच्या जोरावर जंगलाच्या तोंडाशी जाऊन परत यायचं होतं. एवढंच होतं, आणि एवढ्याचसाठी मी हट्टाला पेटले. खांदा पट्ट्यात बांधलेला असताना मी पलंगावर पडून त्या सायकलचाच विचार करत होते. ज्यांना अंगठा आहे त्यांच्यासाठी कुणीतरी ती बनवली होती. मग माझ्यासाठी ती दुसऱ्या कुणी का बनवायची? मीच बनवते.

आधी मुठीनं फिरवायचा गिअर आणून पाहिला. उजवी मूठच गोल फिरवायची, की गिअर बदलतो. अंगठा नसला की मूठ घट्ट धरायला तळवा जास्त दाबावा लागतो, आणि खडबडीत रस्त्यावर दर हादऱ्याला माझी मूठ आपोआप फिरायची. मला नको असताना गिअर बदलायचा. तो काढून ठेवला.

मग ठरवलं की गिअरच नको. मागं एक चक्र, पुढं एक चक्र, मध्ये चैन. माझ्या लहानपणी गावातल्या सगळ्या सायकली अशाच होत्या. कुणी म्हटलं, मग बाजारातली साधी पोरांची रेंजर सायकल घ्या ना. पण त्या फ्रेमवर बसलं की माझे गुडघे हँडलला लागायचे, आणि चिखलात तिचे ब्रेक धरत नव्हते. माझी सायकल माझ्या मापाची होती. तिचे डिस्क ब्रेक मला आवडत होते. तिचा फक्त खटका मला नको होता.

खांदा बरा झाल्यावर सायकल बसच्या टपावर टाकून मी चंद्रपूरला एका मोठ्या दुकानात गेले. दुकानदारानं सायकल उलटी केली, मागच्या चाकाशी बोट नेलं आणि मान हलवली.

"मॅडम, यात सिंगल नाही होणार."

"काऊन?"

"इथं पाहा. चाकाचा एक्सल ज्यात बसते ती खाच उभी हाये. वरून खाली. चाक मागं-पुढं सरकतच नाही. गिअरच्या सायकलीत ते चालते, कारण खाली लोंबणारी गिअरची यंत्रणा चैन ताणून धरते. ते काढलं की चैन ढिली. ढिली झाली की उतरणार."

ते खरं होतं. जुन्या काळ्या सायकलींच्या खाचा आडव्या असतात, हे मला माहीत होतं. नट सैल करायचा, चाक मागं ओढायचं, चैन ताणली की पुन्हा आवळायचं. माझ्या फ्रेममध्ये ती सोय नव्हती. दुकानदारानं एक तोडगा दिला. चैन खालून दाबून धरणारी स्प्रिंगची छोटी पुली. गिअर काढून, ती बसवून मी परत आले.

पुलीनं थोडेच दिवस साथ दिली. मार्चच्या एका सकाळी जंगलातल्या पायवाटेवर बांबूची एक काडी त्या पुलीत गेली, स्प्रिंग तुटली, चैन मागच्या चाकात अडकली आणि सायकल जागीच थांबली. मी ती ढकलत निघाले. मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाया होत्या. त्यातली एक म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन बरंच अंतर माझ्यासोबत चालली. तिची बोली गोंडी, माझ्याशी मात्र ती मराठीत बोलली.

"चाकं हायेत तं ढकलून काऊन राह्यली बाई?"

"बिघडली आजी."

"मंग टाकून दे इथीच. उचलून नेईन कोणी."

"नाई टाकत."

ती हसली. "तं ढकल," म्हणाली आणि तिच्या वाटेनं वळली.

घरी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं, आणि माझं ठरलं होतं. लोंबणारी कोणतीही वस्तू आता या सायकलला लागणार नाही. चाकच मागं-पुढं सरकलं पाहिजे.

फ्रेमच्या मागच्या चिमट्याच्या टोकाला एक्सल धरणाऱ्या ज्या दोन पत्र्या असतात त्यांना इंग्रजीत काही का म्हणेनात, मी त्यांना कान म्हणायला लागले, कारण दोन्ही बाजूंना असतात आणि तशाच दिसतात. फ्रेम लोखंडी होती, ही जमेची बाजू. ॲल्युमिनियमची असती तर मीही हात लावला नसता. जुने कान कापून त्यांच्या जागी आडव्या लांब खाचेचे नवे कान बसवायचे, असा बेत मी केला. संस्थेच्या सुटीच्या वेळात, प्राचार्यांची परवानगी घेऊन, मी जाड लोखंडी पट्टीवर आखणी केली, भोकं पाडली, भोकांच्या मधलं लोखंड हॅक्सॉनं काढलं आणि कानशीनं खाच घासून सरळ केली. ट्यूबची पट्टी पुन्हा तळव्याला बांधली. तिचे वळ संध्याकाळी मनगटावर दिसायचे. ते पाहून आई खोबरेल तेलाची बाटली पुढं सरकवायची.

जोडायचं काम माझं नव्हतं. नळी पातळ होती, माझ्या हातानं तिला भोक पडलं असतं. आमच्याकडे वेल्डिंग शिकवणारे एक सहकारी होते. माझ्याहून वयानं थोडे मोठे, स्वभावानं भित्रे. मी त्यांना फ्रेम दाखवली तेव्हा ते दोन पावलं मागं सरले.

"मॅडम, उद्या उतारावर कान तुटला तं?"

"तर मी पडीन."

"अन् नाव माह्यं होईन."

"तुमचं नाव मी कोणाला सांगणार नाही, भाऊ."

"तसं नाई मॅडम. तुमाले लागलं तं मले झोप नाई येणार."

मी रोज त्यांच्या टेबलावर ते दोन कान ठेवायची आणि रोज ते माझ्या टेबलावर परत आणून ठेवायचे. असं काही दिवस चाललं. शेवटी ते म्हणाले, "एका शर्तीवर. आधी भंगारातल्या दुसऱ्या फ्रेमवर करू. त्याच्यावर मी सोता उभा राहून उड्या मारीन. तुटली नाई तं तुमची." भंगारातली फ्रेम आणली. त्यांनी गॅसच्या ज्योतीवर पितळ वितळवून सांधा भरला, थंड होऊ दिला आणि खरोखर त्याच्यावर उभं राहून उड्या मारल्या. त्या माणसाला मी कधीच इतकं खूश पाहिलं नव्हतं.

माझ्या फ्रेमचे कान बसले. चाक लावलं, मागं ओढलं, चैन ताणली. मोठ्या झोकात मी ब्रेक दाबला. खर्रर्र असा आवाज आला.

चूक माझी होती, आणि ती बाळबोध होती. माझी सायकल डिस्क ब्रेकची. चाकासोबत फिरणारी तबकडी आणि तिला चिमटीत धरणारा ब्रेक. चाक मी मागं सरकवलं, म्हणजे तबकडी सरकली, पण ब्रेक मात्र फ्रेमला जिथल्या तिथं. तबकडी त्याला घासत होती. जुन्या काळ्या सायकलीला डिस्क ब्रेक नसतो, म्हणून तिच्या साध्या खाचेत भागतं. माझ्यात भागणार नव्हतं.

सहकारी म्हणाले, "आता मात्र सोडा मॅडम. दोनदा फ्रेम तापवली तं कमजोर होईन."

मी कान तपासले. फ्रेमवरचे कान काढायची गरज नव्हती. त्यांच्यावर दुसरी पत्री बसवायची, जी खाचेत मागं-पुढं सरकेल. एक्सल त्या सरकत्या पत्रीत बसेल, आणि ब्रेकसुद्धा त्याच पत्रीला. म्हणजे चाक जिकडे जाईल तिकडे ब्रेकही जाईल. दोघं एकाच पाटावर बसलेले. दर पत्रीला दोन बोल्ट, आवळले की पक्की. मी हे खडूनं फळ्यावर काढून दाखवलं. ते आकृतीवरून बोट फिरवत म्हणाले, "यात माह्यं काईच काम नाई. वेल्डिंगच नाई."

"नाही. आता तुम्हाला झोप लागेल."

सरकत्या पत्र्या करायला पहिल्या कानांहून जास्त वेळ लागला. उजवी-डावी तंतोतंत सारखी पाहिजे, नाहीतर चाक तिरकं बसतं. एक जोडी मी चुकवली आणि फेकली. दुसरी जमली. ब्रेक दाबला, आवाज नाही. कालव्याच्या पाळीवर चकरा मारल्या. सपाटीवर सगळं छान. पण पुलाच्या चढावर उभं राहून जोर लावला की उजवी पत्री बोल्टाखालून पुढं घसरायची, चाक तिरपं व्हायचं आणि चैन पुन्हा ढिली. पाय चैन ओढतात आणि चैन चाकाला पुढं ओढते. आवळून आवळून बोल्टाचे आटे गेले. मग मी प्रत्येक कानाच्या पुढच्या टोकाला एक भोक पाडून आटे पाडले आणि त्यात एक लांब स्क्रू घातला, पत्रीला पुढून टेका देणारा. तो मागं ढकलत न्यायचा, चैन हवी तेवढी ताणली की त्यावरची ढिबरी, म्हणजे नट, आवळून थांबायचं. आता पत्रीला पुढं यायला जागाच नव्हती.

त्या दिवशी मी पुलाच्या चढावर परत परत गेले. गुरं नेणारा एक माणूस बांधावर बसून पाहत होता. शेवटी त्यानं विचारलं, "बाई, काई हरवलं काय?" मी म्हटलं, "नाही भाऊ, सापडलं."

पुढच्या हिवाळ्यात गटाच्या मोबाईल ग्रुपवर कॅप्टनचा मेसेज आला. वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलातून एक मोठी फेरी. टेकडीचा चढ, पलीकडच्या एका गोंड खेड्यात जेवण, त्याच दिवशी परत. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त गिअरच्या सायकली. मी फोन केला.

"मॅडम, तुमच्यासाठी म्हणून नाही लिहिलं," ते म्हणाले. "पण चढावर एक जण मागं राहिला की सगळा गट अडकतो."

"मी माझी माझी येते. तुम्ही अडकू नका."

"एकट्या कशा याल?"

"रस्ता सरकारी आहे ना? येते."

फोन ठेवल्यावर माझे कान गरम झाले होते. संतापानं, आणि थोडं भीतीनंसुद्धा. तिकडे वाघ होता. दरवर्षी कुणीतरी जंगलात गेलेलं परत येत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी मूर्ख नाही. म्हणून ठरवलं की गटाच्या थोडंच मागं राहायचं, नजरेत राहील इतकं.

निघाले तेव्हा धुकं होतं. कापणी होऊन गेली होती, बांध्यांमध्ये धानाच्या तणसाचे ढीग उभे होते, कुठं कुठं लाखोळीचं कडधान्य हिरवं झालं होतं. पुलावर गट माझ्यापुढं होता. त्यांना माहीत होतं मी मागं आहे, मला माहीत होतं त्यांना माहीत आहे. कुणी वळून पाहिलं नाही, फक्त दातांच्या डॉक्टरांनी एकदा हात वर केला.

जंगलाच्या तोंडाशी वनविभागाचा नाका होता. बांबू आडवा. तिथं सगळे थांबले होते आणि मी पोचले. नाक्यावर एक तरुण वनरक्षक बाई होती, खाकी गणवेशात, गळ्यात मफलर.

"वाघीण पिलं घेऊन फिरून राह्यली पलीकडच्या भागात," ती सांगत होती. "मोटारगाडी जाऊ देतो. सायकलवाल्यायले एकटं-दुकटं नाई सोडत. सगळे जमून जा, जमून या, ऊन हाये तोवर परत या. किती जण तुमी?"

कॅप्टननी आपल्या माणसांकडे बोट फिरवलं, आणि बोट माझ्या आधी थांबलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "अन् या?"

"त्या आमच्यात नाहीत," कॅप्टन म्हणाले. वाईट आवाजात नव्हे, नुसतं सांगावं तसं.

"तुमी एकट्या हाय?" तिनं मला विचारलं.

"एकटी आहे."

"मंग तुमाले नाई सोडता येत."

मी सायकल झाडाला टेकवली आणि म्हणाले, "ठीक आहे. नियम आहे तर आहे. पण हे परत येईपर्यंत मी इथंच बसते. मी घरी जाणार नाही."

"इथी बसून काय करसान?"

"बसीन. बसायला तर बंदी नाही ना?"

वनरक्षक बाईनं माझी सायकल पाहिली. मग माझा हात पाहिला, उजवा, मुठीवर ठेवलेला. तिनं दयेचं तोंड केलं नाही, त्याबद्दल मी आजही तिचे आभार मानते. ती कॅप्टनकडे वळली.

"भाऊ, एकाच गावातून आले ना तुमी सगळे? एकाच रस्त्यानं चालले? मंग यायले सोबत घ्या. नाईतर मी बांबूच उचलत नाई. कोणासाठीच नाई."

"मॅडम, त्यांची सायकल बिनगिअरची आहे, चढावर..."

"वाघिणीले गिअर नाई समजत भाऊ. ते एकटा माणूस पाहते."

कुणीतरी हसलं. कॅप्टननी हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. बांबू वर गेला.

पुढचा रस्ता आम्ही सगळे एकत्र गेलो. कॅप्टन माझ्या बाजूला होते, कारण त्यांना तसं सांगितलं होतं. सपाटीवर माझे पाय भराभर फिरत, त्यांचे संथ. मी मागं पडत नव्हते, पण पुढंही जात नव्हते. मग टेकडीचा चढ आला. मी उभी राहून पायडल मारू लागले. सरकत्या पत्र्या जागच्या हलल्या नाहीत, चैन टणक होती, ब्रेक गप्प होता. निम्म्या चढापर्यंत आले. पुढं माझे पाय संपले. मी उतरले आणि सायकल ढकलू लागले.

सगळे वर पोचून माझी वाट पाहत उभे होते. एकटं सोडायचं नाही म्हणून कुणाला पुढं जाता येत नव्हतं. घाम डोळ्यांत जात होता. मी घाई केली नाही. माझ्यासाठी थांबलेल्या लोकांकडे धावत जायची माझी इच्छा नव्हती. माझ्या चालीनं चढले.

"मी म्हटलं नव्हतं?" कॅप्टन म्हणाले.

"काय म्हटलं होतं?"

"चढावर उतरावं लागेल."

"उतरले. मग? चढ राहिला का चढायचा?"

ते खाली वाकले आणि मागच्या चाकाशी बोट नेलं. पत्री, बोल्ट, टेक्याचा स्क्रू, पत्रीवर बसवलेला ब्रेक, सगळं नीट पाहिलं. कंत्राटदार माणूस, लोखंड त्यांनाही कळत होतं.

"कुठून आणलं हे?"

"घरचं आहे."

"चांगलं केलं. पण मॅडम, एक सांगू? आता बटण दाबून बदलणारे बॅटरीचे गिअर निघालेत. कोणत्याही बोटानं दाबा. मी मागवून देतो. एवढा त्रास कशाला?"

त्यांचा हेतू चांगला होता. म्हणूनच मी आधी दोन घोट पाणी प्यायले. खाली जंगल पसरलं होतं, सागाची पानं गळत होती. मला जाणवलं की त्या वस्तूची मला इच्छाच नाही. सुरुवात अंगठ्यापासून झाली होती, हे खरं. पण आता प्रश्न अंगठ्याचा राहिला नव्हता. एकच चैन, एकच चक्र, जे माझ्या हातानं बसवलं, जे बिघडलं तर माझ्या हातानं दुरुस्त होतं, आणि जिथं सायकल थकत नाही, मी थकते, तिथं मी उतरून चालते. मला हेच आवडायला लागलं होतं.

"मागवू नका," मी म्हणाले. "अंगठा उगवला तरी आता मी गिअर लावणार नाही."

दातांचे डॉक्टर मोठ्यानं हसले. कॅप्टन हसले नाहीत. "तुमची मर्जी," म्हणाले आणि सायकलवर बसले.

पलीकडच्या गावात आम्ही एका अंगणात बसून गरम भात, वरण आणि अंबाडीची चटणी खाल्ली. वाटेत कुणाचं काही मोडलं नाही. त्यांचंही नाही, माझंही नाही. परतीच्या चढावर मी पुन्हा उतरले, ते पुन्हा थांबले. ऊन असतानाच नाका ओलांडला.

कॅप्टन आणि मी पुढं मित्र झालो असं काही नाही. ग्रुपवर अजूनही तेच वाक्य येतं, फक्त गिअरच्या सायकली. मी अजूनही जाते. मला कुणी थांबवत नाही आणि मीही विचारत नाही.

त्या दिवशी घरी पोचले तेव्हा आई दारातच बसली होती. माझे धुळीचे पाय पाहून म्हणाली, "पोचली होती का तिथवर?"

"पोचले."

"चढली?"

"अर्धा चढ सायकलवर. अर्धा पायी."

"बाकीचे?"

"ते सगळे सायकलवर. माझ्यासाठी वर थांबले होते."

आईनं मान वर केली. "थांबले? तुह्यासाठी?"

"थांबावं लागलं त्यांना. नाक्यावरच्या बाईनं सांगितलं होतं."

आई हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी तिला असं हसताना फार कमी वेळा पाहिलं आहे.

"थांबू दे," ती म्हणाली. "लय पुढं पुढं पळतात हे लोकं. थांबू दे त्यायले थोडंसं."

मग ती उठली आणि माझ्यासाठी पाणी तापवायला आत गेली. आतूनही तिचं हसणं ऐकू येत होतं.